आमच्या घरचा मिठाचा सत्याग्रह

निवृत्त बाईला समाज स्वस्थ बसू देत नाही. शाळेत गणित शिकवत होते तोवर "बाईंना वेळ कुठे असतो!" असं जी मंडळी आदराने म्हणायची, त्यांनीच शाल-श्रीफळ हातात पडल्यावर "मग आता वेळ कसा घालवता?" असं विचारायला सुरुवात केली. पाठोपाठ सूचना. भजनी मंडळ, हास्यक्लब, गच्चीवरची भाजी, ज्येष्ठांसाठी संगणक. मी विचार केला, असं काहीतरी शिकावं की ज्यातलं आपल्या ओळखीत कुणाला काही म्हणजे काही कळत नाही. निदान सल्ले तरी मिळणार नाहीत. म्हणून मी लिनोकटच्या वर्गात नाव घातलं.

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, त्यावर रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचं आणि उचलायचा. कोरलेलं पांढरं राहतं, न कोरलेलं काळं उमटतं. एवढंच. हे मी घरी सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "म्हणजे आपण शाळेत बटाट्याचे ठसे काढायचो ते." मी म्हटलं, "ते नव्हे." पण बराच विचार करूनही ते का नव्हे हे मला सांगता येईना.

वर्गातून लिनोचा पहिला तुकडा घरी आणला आणि सासूबाईंनी आतल्या खोलीतूनच विचारलं, "जवसाची चटणी करून रायली काय वं?" सासूबाई माहेरच्या वर्ध्याच्या. नाशकात जन्म गेला, तरी जवस आणि 'वं' काही सुटलं नाही. आणि नाक पक्कं. लिनोलियम खरोखरच जवसाच्या तेलाचं असतं. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने रंगाच्या डब्यात वाळलेल्या जवसाच्या तेलावर रबरी साय धरलेली पाहिली आणि १८६०च्या दशकात तिच्यात बुचाची पूड वगैरे कालवून, पाठीला तागाचं कापड लावून, घरात जमिनीवर अंथरायची ही वस्तू बाजारात आणली. थोडक्यात, माझ्या कलाजीवनाची सुरुवात पायपुसण्याच्या चुलत भावापासून झाली.

जमिनीवरून हे प्रकरण टेबलावर आणणाऱ्यांत व्हिएन्नाचे फ्रान्झ चिझेक होते. ते लहान मुलांच्या चित्रकलेचे शिक्षक, आणि लिनो कोरायला मऊ म्हणून मुलांना द्यायचे. आमच्या वर्गातल्या सरांनी हे आम्हाला धीर यावा म्हणून सांगितलं. माझ्यापुढचा तुकडा दगड झाला होता. नाशिकची थंडी व्हिएन्नाच्या मुलांना सोसली असेल बहुतेक, लिनोला सोसत नाही. गारठ्यात तो कडक होतो, कटर अडतो, मग आपण जोर लावतो, मग तो अचानक सुटतो, आणि सुटल्यावर कुठे जाईल ते त्याच्या मनावर. उपाय म्हणून तुकडा उन्हात ठेवायचा, इस्त्री फिरवायची, किंवा सरळ त्याच्यावर बसायचं. हे मी विनोदाने सांगत नाही, जाणकार मंडळी खरंच बसतात. तेव्हा त्या डिसेंबरात मी सकाळचा चहा, पेपर आणि शब्दकोडं लिनोवर बसून उरकत असे. पाहुणे आले की उठायची पंचाईत. उठले तर खाली काय आहे ते दिसे, न उठले तर बाई आजारी आहेत अशी सोसायटीत बातमी होई.

सरांचा नियम होता की पहिलं काम स्वतःचं करायचं नाही. एखाद्या थोराचं जुनं चित्र घ्यायचं आणि ते लिनोत उतरवायचं. यावर एका बाणेदार मुलीने "म्हणजे कॉपी?" असं विचारलं. सरांनी पिकासोचं नाव घेतलं. १९५८ साली पिकासोला कुणीतरी पोस्टकार्ड पाठवलं, त्यावर धाकट्या क्रानाखने सोळाव्या शतकात रंगवलेल्या एका स्त्रीचं चित्र होतं, आणि पिकासोने त्यावरून लिनोकट केला. तेव्हा त्याचं वय शहात्तर होतं. वर्गातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अजून साठीतच आहे, हे मी नम्रपणे सांगितलं.

मग निवड. तरुण मंडळींनी वाघ घेतले, घुबडं घेतली, एका इंजिनिअर मुलाने होकुसाई या जपानी चित्रकाराची लाट घेतली आणि तिसऱ्या रविवारी तो यायचा बंद झाला. सरांनी पडद्यावर चित्तप्रसादांचे लिनोकट दाखवले. १९४३च्या दुष्काळात बंगालच्या खेड्यांतून हिंडून उपाशी माणसांची चित्रं काढणारा हा माणूस पुढे मुंबईत अंधेरीला येऊन राहिला आणि राबणारी लहान मुलं लिनोत कोरत राहिला. एकेका चेहऱ्यावर इतक्या रेषा, की मोजता मोजता माझा गणितावरचा विश्वास डळमळला. हे आपलं काम नव्हे.

आणि मग नंदलाल बोस आले. 'बापूजी', १९३०. दांडीयात्रेवरचा तो सुप्रसिद्ध ठसा. काळीभोर पार्श्वभूमी, तिच्यावर पांढऱ्या ठसठशीत रेषांत गांधीजी, हातात काठी, पाऊल पुढे पडलेलं. बस्स. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात हे चित्र आहे. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो कलेचा नव्हता. पार्श्वभूमी काळी, म्हणजे ती कोरायची नाही. वाघवाल्यांना वाघ सोडून सगळं जंगल खरवडून काढायचं होतं. मला फक्त बापूजी. मजुरीच्या दृष्टीने इतकं किफायतशीर चित्र भारतीय कलेच्या इतिहासात दुसरं नसेल.

"ताई, हे अवघड आहे हं," सर म्हणाले.

"इनमीन चार रेषा तर आहेत!"

"म्हणूनच."

जिच्या वर्गात मुलं "बाई, सोपं आहे" म्हणत चुकीचं उत्तर लिहितात, त्या बाईने या 'म्हणूनच'पाशी थांबायला हवं होतं. पण आम्ही नाशिककर. इथे नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात गांधीजी वर्षानुवर्षं छापले जातात, रात्रपाळीतसुद्धा. मला एकच छापायचे होते, आणि तेसुद्धा न हसणारे.

चित्र लिनोवर उतरवायची एक रीत आहे. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने रेषा गिरवायच्या, कागद लिनोवर पालथा घालायचा आणि पाठीमागून घासायचं. पालथा घातल्याने चित्र उलटं उमटतं, आणि छापताना ते पुन्हा उलटं होऊन सुलटं येतं. मूळ चित्राची प्रत आणायचं काम ह्यांच्याकडे होतं. खाली ठळक देवनागरीत 'बापूजी' असं टाकून आणा, असंही मी सांगितलं होतं. ह्यांनी ती आणली तेव्हा अक्षरं आरशात बघावीत तशी उलटी. "लिनोवर उलटं लागतं ना? व्हिडिओत सांगितलंय. संगणकावरच उलटवून आणलंय. तुझे कष्ट वाचले." इतकी वर्षं संसार केला, पण माझ्या कामात ह्यांनी पुढचा विचार केल्याचा हा पहिलाच प्रसंग. मला भरून आलं. मग मी ती प्रत गिरवली, आणि वर्गात शिकवल्याप्रमाणे कागद लिनोवर पालथा घातला.

गणितात गती असलेल्या वाचकांच्या आत्ताच लक्षात आलं असेल. त्यांनी कृपया गप्प बसावं.

कोरण्याचा पहिला नियम असा, की कटर नेहमी आपल्यापासून दूर चालवायचा आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवायचा. हा नियम जगातला प्रत्येक लिनोकटवाला शिकतो आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर लिहून घेतो. माझंही झालं. सासूबाईंनी हळद भरली. "भाजी चिरतानी तर कधी कापलं नाही तुह्यं," त्या म्हणाल्या. भाजी मी चिरतच नाही, हे चिरतात, पण हा तपशील त्या वेळी बाजूला ठेवला.

कटर दोन प्रकारचे. व्ही म्हणजे बारीक रेषेसाठी, यू म्हणजे मोकळं करण्यासाठी. धार गेली की चामड्यावर घासून परत आणायची. घरात चामडं म्हणजे ह्यांचा पट्टा, आणि तो बहुतेक वेळा ह्यांच्या कमरेला असे. "जरा उभे राहा," असं मी दिवसातून अनेकदा म्हणू लागले आणि हे उभे राहून पेपर वाचायला शिकले.

मी काठीपासून सुरुवात केली. सरळ रेषा, त्यात काय! आयुष्यभर फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेषा मारली आहे. पण खडूच्या रेषेला डस्टर असतो. इथे कटर अर्ध्यावर गेला आणि एक कडक जागा लागली, तिथे किंचित डावीकडे वळला. मी पुढे सरळ नेला. म्हणजे काठीला एक गाठ आली. ती गाठ झाकायला मी काठी सगळीकडून गाठीइतकी जाड केली. तसं करताना उजव्या कडेला दुसरी गाठ. पुन्हा जाड. लिनोकटमध्ये दुरुस्ती एकाच दिशेने होते. काळं पांढरं करता येतं, पांढरं काळं करता येत नाही. काढलेला तुकडा परत चिकटवायचा म्हटलं तरी तो कुठे असतो? ह्यांच्या चहात.

हे नीट समजायला मला धोतर लागलं. मूळ चित्रात एक रेष कमरेपासून निघून गुडघ्याकडे जाता जाता बारीक होते आणि मधेच थांबते. पुढे काही नाही. नुसतं काळं. तरी आपल्याला गुडघा दिसतो. मला वाटलं, नंदलालबाबूंची ही रेष घाईत राहून गेली असणार. मी ती पूर्ण केली. पूर्ण केल्याबरोबर बापूजी थांबले. अक्षरशः जागच्या जागी. चालणं त्या न काढलेल्या भागात होतं, हे मला ते भरून टाकल्यावर कळलं. मग मी भिंतीवरच्या प्रतीकडे कितीतरी वेळ बघत बसले. पाठीचा बाक एका रेषेत आहे. चालण्याची घाई दुसऱ्या. आणि बाकीचा माणूस, त्याचं वय, त्याचा हट्ट, मागून येणारे अठ्ठ्याहत्तर सत्याग्रही, सगळं त्या काळ्यात आहे, जे मी कोरायचं नाही म्हणून किफायतशीर समजत होते. शाळेत मुलांना मी "पायऱ्या दाखवा, नाहीतर गुण नाहीत" असं बजावत आले. इथे एक माणूस सगळ्या पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहून गेला होता, आणि उत्तर बरोबर होतं. अशा मुलाला मी काय दिलं असतं? शून्य, आणि वर पालकांना बोलावणं.

थांबलेल्या बापूजींना चालवण्यासाठी मी दुसरा पाय जरा मोठा केला. मग त्याला जुळावा म्हणून पहिला. मग खांदा. प्रत्येक सुधारणेत थोडं पांढरं वाढे, आणि पांढरं वाढलं की अंग वाढे. ज्या माणसाने उपोषणांनी साम्राज्य जेरीला आणलं, त्याचं वजन माझ्या हातून दर संध्याकाळी वाढत होतं. शेवटी ह्यांनी हात जोडले. "अगं, आता सुधारू नकोस त्यांना. त्यांनीच देश सुधारायला घेतलाय."

थांबता थांबता आणखी दोन गोष्टी झाल्या. काठीच्या खालच्या टोकाशी कटर सुटला आणि चार-पाच फराटे फिस्कारून गेला. आणि डोक्यावर, जिथे काळं निवांत असायला हवं होतं, तिथे एक वाटोळा टवका उडाला. दोन्ही बारीकसे. लांबून कळणार नाहीत, असं सगळ्यांनी सांगितलं. जवळून काय कळेल हे कुणी सांगितलं नाही.

आता छपाई. काचेवर काळी शाई घ्यायची आणि रोलर फिरवायचा, तो नीट सळसळ आवाज येईपर्यंत. शाई जास्त असली की चपचप येतो, कमी असली की काहीच नाही. आमच्याकडे तिन्ही आवाज आले, शिवाय चौथा सासूबाईंचा. कारण तेली शाई पुसायला खाण्याचं तेल चांगलं, असं सरांनी सांगितलं होतं आणि मी फल्लीतेलाची बरणी उघडली होती.

कागद मी भारीतला, जाडजूड आणला. जाड म्हणजे उत्तम हा माझा समज लग्नपत्रिकांमुळे झालेला. हाताने छापायला कागद पातळ लागतो. जाड कागदाला यंत्राचा दाब हवा. पहिल्या ठशात बापूजींचा एक खांदा, काठीचा मधला भाग आणि भरपूर धुकं आलं. दुसऱ्या वेळी मी लाटणं फिरवलं. कागद सरकला आणि दोन बापूजी उमटले, एकाच्या मागे एक, दोघांच्याही हातात काठी. परदेशात भल्यामोठ्या लिनोचे ठसे रस्त्यावर ठेवून वरून रोडरोलर फिरवून काढतात, हे मी ह्यांच्यासमोर बोलायला नको होतं. ह्यांनी ताबडतोब स्कूटरची किल्ली घेतली. "बापूजींच्या अंगावरून स्कूटर?" असं मी जरा मोठ्याने विचारलं, तेव्हा जिन्यातून जाणारे शेजारी थबकले.

पातळ कागद आणल्यावर आकृती आली खरी, पण काळं भरेना. सगळीकडे पांढरे बारीक ठिपके. किफायतशीर म्हणून निवडलेलं ते अफाट काळं मैदान आता सूड घेत होतं. रेषा कुणीही छापेल, मोठा सलग काळा भाग एकसारखा छापणं हीच खरी परीक्षा, असं सरांनी फोनवर सांगितलं. शाई किंवा दाब कमी पडला की असे ठिपके राहतात, आणि छापचित्रवाले अशा ठशाला 'सॉल्टी' म्हणतात. खारट!

मी फोन ठेवला आणि पुन्हा ठशाकडे पाहिलं. १९३०च्या १२ मार्चला हा माणूस साबरमतीहून निघाला. सुमारे ३८५ किलोमीटर चालला. ६ एप्रिलला दांडीला वाकून त्याने चिमूटभर मीठ उचललं. माझ्या ठशात त्याला दांडीपर्यंत जायचीही गरज नव्हती. डोक्यापासून पायापर्यंत, आजूबाजूला, आकाशातसुद्धा, मीठच मीठ.

यातून मार्ग काढला तो सासूबाईंनी. इतका वेळ त्या "काय खरडून रायली" असं म्हणत खुर्चीत बसून होत्या. त्या उठल्या, मांडणीतून स्टीलची वाटी घेतली, कागदाच्या पाठीवर तिचं बूड टेकवलं आणि मधून कडेकडे, लहान लहान गोल फिरवत, घासायला लागल्या. घाई नाही, जोर नाही. एक कोपरा दाबून धरून दुसरा उचलून बघायच्या, कमी वाटलं की परत ठेवून तिथेच घासायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पुरणपोळीच्या कडा फुटू नयेत म्हणून जन्मभर जे केलं तेच. वर्गात आम्हाला हेच शिकवलं होतं, लाकडी चमच्याने. पण सरांनी सांगितलं की मी वहीत लिहून घेतलं होतं, मनगटाला सांगायचं राहून गेलं होतं.

आम्ही तिघं टेबलाभोवती उभे राहिलो आणि मी कागद उचलला.

काळं म्हणजे काळं. दाट, सलग, मखमली. मीठ संपलं होतं. मध्ये पांढरे बापूजी, जरा अंगाने भरलेले, पण बापूजी. मी आनंदाने भिंतीवरच्या मूळ प्रतीकडे पाहिलं आणि ह्यांना म्हणाले, "बघा, अगदी तसेच चाललेत!" ह्यांचा चेहरा उतरला. भिंतीवरची प्रत ह्यांनी उलटवलेली होती. माझे बापूजी 'अगदी तसेच' चालले होते, याचाच अर्थ नंदलाल बोसांचे बापूजी जिकडे निघाले होते त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला.

हिशेब साधा आहे. ह्यांनी संगणकावर एकदा उलटवलं, मी पालथा कागद घालून दुसऱ्यांदा, छपाईने तिसऱ्यांदा. ऋण गुणिले ऋण धन, गुणिले ऋण पुन्हा ऋण. सातवीच्या मुलाला हे न आल्यास मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. आणि खाली 'बापूजी' ही अक्षरं इतकी पालथी, की बाराखडी निर्वासित झाल्यासारखी वाटावी. कोरताना ठोकळ्यावर ती स्वच्छ, सुवाच्य दिसत होती आणि मला आपल्या अक्षराचं समाधानही वाटलं होतं. ठोकळ्यावरचं वाचता येतं म्हणजे कागदावरचं येणार नाही, ही ओळ नंतर वहीत सापडली. खाली लाल रेघ मारलेली होती, माझीच.

"म्हणजे हे दांडीहून परत निघालेत," ह्यांनी शांतपणे निदान केलं.

"परत कसे निघतील? स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीच्या आश्रमात पाऊल ठेवणार नाही अशी प्रतिज्ञा होती त्यांची! मी त्यांना प्रतिज्ञा मोडायला लावली."

"काहून मोडली?" सासूबाई वाटी पुसत म्हणाल्या. "साबरमतीले कुठी चालले ते? वर्ध्याले येऊन रायले ना. सेवाग्रामले. बरोबर चालले ते."

या मुद्द्याला उत्तर नव्हतं. १९३६ साली सेवाग्राम झालं, हा इतिहास आहे, आणि सासूबाईंच्या माहेरची दिशा आमच्या घरात कधीच चुकीची मानली जात नाही.

बापूजी वाळायला दोरीवर चिमट्यांत टांगले. तेली शाई लवकर वाळत नाही, तेव्हा ते बरेच दिवस गॅलरीत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दर्शन होत होतं. छापखान्यातून निवृत्त झालेले खालचे काका येऊन भिंग लावून बघून गेले आणि "नोटेवर चालायचे नाहीत" एवढाच शेरा देऊन गेले. दूधवाल्याने चप्पल काढून नमस्कार केला, पण कुणाला केला ते बोलला नाही.

बोलले ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि जुने कागद वाचण्यात आपल्याएवढा माणूस जिल्ह्यात नाही, असं त्यांचं मत आहे. देखभाल वर्गणीची पावती द्यायला आले आणि दोरीसमोर खिळून राहिले.

"बाई, हे तुम्ही केलंत?"

मी मान खाली घातली. विनयाने.

"वा! हातात खराटा, डोक्यावर गाडगं..." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खालच्या अक्षरांवर नाक टेकवलं. "आणि मोडीत लिहिलंय! हल्ली कोण लिहितं मोडी? पहिलं अक्षर जरा फुटलंय, पण लागतंय. डे... बू... जी. डेबूजी! क्या बात है. त्यांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, हे आजकाल किती जणांना माहीत असतं?"

मी काठीच्या टोकाच्या फराट्यांकडे पाहिलं. खराटा होता. डोक्यावरच्या टवक्याकडे पाहिलं. गाडगं होतं. नंदलालबाबूंच्या इनमीन चार रेषांत मी चार-दोन टाकल्या, त्यांतून एक अख्खा दुसरा महापुरुष उभा राहिला होता, आणि तोही शेगावपलीकडचा, शेंडगावचा, म्हणजे सासूबाईंच्या विदर्भातलाच. हे काही बोलणार एवढ्यात सासूबाईंनी आतून मला डोळ्यांनी दटावलं. त्या वाटीच्या कामाचं श्रेय कुठल्याही नावाखाली घ्यायला तयार होत्या.

२० डिसेंबर, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, ठसा सोसायटीच्या फलकावर लागला. खाली स्वच्छता मोहिमेची सूचना, ओला कचरा-सुका कचरा, आणि जिन्यात चपला ठेवणाऱ्यांना ताकीद. गाडगे महाराज पुलावरून रोज जाणारी माणसं थांबून बघत होती. जिन्यातल्या चपला खरोखरच आठवडाभर दिसल्या नाहीत. हे फलकासमोर उभे राहून प्रत्येकाला "आमच्या हिने केलं" असं सांगत होते, मात्र कोण ते टाळत होते.

त्या संध्याकाळी सेक्रेटरी पेढे घेऊन घरी आले. पुढच्या वर्षासाठी त्यांनी एक विनंती आणली होती.

"बाई, गाडगेबाबा तर तुम्ही फारच सुरेख उतरवलेत. आता दोन ऑक्टोबरला एक गांधीजी होऊन जाऊ देत. ते तर सोपे. इनमीन चार रेषांत होतात."